वुब्बोच्या पालीला डॉक्टर हवा

ग्रोनिंगेनच्या पूर्वेकडे कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडायचा आणि बोट गेली की मिटायचा, हे वुब्बो हानचे एकोणतीस वर्षांचे काम. माणूस इतका अबोल, की बायको हिंडेर्के म्हणायची, पूलसुद्धा याच्यापेक्षा जास्त कुरकुरतो. पण नोव्हेंबरात त्याची पाल जेवेनाशी झाली आणि वुब्बो बोलायला लागला तो थांबेचना.

पाल भिंतीवरची नव्हे. काचेच्या पेटीत पाळलेली, पिवळी, ठिपक्यांची, जाड शेपटीची. नाव सीपी. वीस दिवस तिने रातकिड्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. जिच्यात तिची चरबीची सगळी शिदोरी, ती शेपटी बारीक होत चालली होती.

गावातले डॉक्टर गाईंचे. खांद्यापर्यंत हात घालून तपासायची सवय, इथे बोटही जाईना, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले. शहरातल्या डॉक्टरने एकही प्रश्न न विचारता थेंब लिहून दिले. वुब्बो थेंब घेऊन आला, विश्वास मात्र तिथेच सोडून आला.

मग बहिणीचा वाढदिवस आला. खुर्च्या गोल मांडल्या, तिकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचे अभिनंदन केले, केकचा एकेक तुकडा मिळाला आणि वुब्बोने शेपटीचे वर्णन सुरू केले. दाजींनी बिअर पाजून बघायला सांगितले. एक आत्या म्हणाली, दुसरी पाल आण. तिच्याशी वुब्बो आजही बोलत नाही. शेवटी शेजारणीने सांगितले, की तिच्या कासवाला आस्सेनच्या रूलफीना डॉक्टरबाईंनी बरे केले होते.

फोन लावला तर तिकडून आधी प्रश्नच आले. वजन किती? शी कधी केली? पेटीचा फोटो आणा, आणि शी सापडली तर डबीत घालून तीही आणा.

"ही बाई विचारते गं," वुब्बो हिंडेर्केला म्हणाला, आणि त्या रात्री नीट झोपला.

डॉक्टरबाईंनी सीपीला तोलले, तोंड पाहिले, पोट चाचपले, आणि फोटो बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, पेटीत तापमान किती असते?

"एकोणीस," वुब्बो अभिमानाने म्हणाला. "घरात आम्ही सतराच ठेवतो. थंडी वाजली तर स्वेटर घालायचा, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. पेटी हीटरशेजारी ठेवून हिला दोन अंश जास्तच दिलेत. वीज वाचवायला पेटीतला उबेचा दिवा बंद केला, तेव्हा लोकरीचं पांघरूणही विणून घातलं."

बाईंनी चष्मा काढला. "हानसाहेब, तुमचं अंग आतून तापतं, हिचं नाही. दगडाला स्वेटर घातला तर दगड गरम होतो का? पोटाखाली बत्तीस अंश असल्याशिवाय हिला अन्न पचत नाही. म्हणून शहाणी खातच नाही."

"म्हणजे मीच..."

"तुम्हीच. औषध एकच, दिवा लावा."

"जगेल ना?"

"शेपटीत अजून शिल्लक आहे. जगेल."

वुब्बोने गाडीतला हीटर शेवटपर्यंत फिरवला आणि स्वतः घामाने निथळत सीपीला घरी आणले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काटकसरीची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा हायसेच जास्त वाटले.

पाचव्या संध्याकाळी सीपीने रातकिडा गट्ट केला. वुब्बोने लगेच डॉक्टरबाईंना फोन लावला.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि शी?"

वुब्बो पुन्हा दोन दिवस पेटीसमोर बसून राहिला. तिसऱ्या सकाळी आस्सेनला एक फोटो गेला. नातवाचाही फोटो त्याने कधी इतक्या घाईने कुणाला पाठवला नव्हता.

उत्तर एका शब्दाचे आले: "सुंदर."