पोपटांच्या बाई

भिवंडीच्या ब्राह्मण आळीत सुमतीबाई गद्र्यांना आता कोणी गद्रेबाई म्हणत नाही. पोपटांच्या बाई म्हणतात. सगळी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवून जे नाव झालं नाही, ते निवृत्तीनंतर एका पिंजऱ्याने मिळवून दिलं.

पिंजरा सुश्रुतने, म्हणजे मुलाने, पुण्याहून आणून दिला होता. आत कॉकाटील जातीचा करडा परदेशी पोपट, डोक्यावर तुरा, गालांवर केशरी ठिपके. "आई, तुला सोबत होईल," असं तो बाबांसमोरच म्हणाला. बाबांना ऐकू आलं नाही, त्यामुळे राग यायचा प्रश्न नव्हता. बाईंनी पक्ष्याचं नाव वाचस्पती ठेवलं. मग पोपटांविषयी मिळेल ते सगळं वाचून काढलं, आणि वाचलेलं पोटात ठेवायची सवय नसल्यामुळे ते सांगायला सुरुवात केली.

सांगायला माणसं हवीत. ती आपोआप येत गेली. भिवंडीत घरटी नसला तरी गल्लीगणिक एक पोपट आहे, आणि प्रत्येक पोपटामागे एक तक्रार.

"मॅडम, हमारा तोता अंडा नहीं देता," नारपोलीहून फोन यायचा.

"पहले ये देखो की वो नर है या मादी," बाई सांगायच्या. "और हिरवावाला देसी पोपट होगा, तो उसको पाळना ही गुन्हा है. वनखाते को कळवो." यावर बहुतेक वेळा फोन कट व्हायचा.

कशेळीच्या पुतळाबाई तर समक्ष यायच्या. खाडीकाठची शेती गोदामांना भाड्याने दिल्यापासून त्यांना दुपारी काम उरलं नव्हतं. त्यांच्याकडेही असाच एक परदेशी पोपट होता, नातवाने हट्टाने घेतलेला.

"बाई, आमचा राघू चावतंय वो. जवल गेला का बोटच धरतंय."

"तुम्ही त्याच्याजवळ जाऊन काय करता?"

"काय करनार? बोलतंय त्याच्याशी."

"तिथेच चुकतं! पोपटाजवळ गप्प बसायचं. आपणहून हात घालायचा नाही. आपलं खाणं घेऊन शेजारी बसावं, तो बघतो, त्याला विश्वास वाटतो. पक्षी थव्याने जेवतात. आपण त्याचा थवा व्हायचं. चिवडा-चकली द्यायची नाही, मीठ बाधतं. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. कळलं?"

हे बाईंनी एका दमात सांगितलं, पिंजऱ्याला खेटून उभं राहून. वाचस्पती दांडीच्या पार टोकाला सरकला होता.

"कललं," पुतळाबाई म्हणाल्या. "पन तुमचा तं तुमच्याकडं बघत बी न्हाय."

"तो विचार करत असतो," बाई म्हणाल्या.

खरी गोष्ट अशी होती की वाचस्पती बाईंना चावायचा. बाईंच्या उजव्या तर्जनीवर कायम चिकटपट्टी असे. आणि हाच पक्षी हरिभाऊंच्या खांद्यावर बसून त्यांच्या चष्म्याची काडी साफ करायचा.

हरिभाऊ म्हणजे यजमान. नारपोलीच्या एका पॉवरलूमवर ते हिशेब लिहिणारे मेहताजी होते. कारखान्याच्या आतच खुर्ची, भोवती लूमचा खडखडाट. त्यात कान गेले ते गेलेच. तिथे बोलून उपयोग नसायचा. माणसं हातवारे करायची, ओठ हलवायची, आणि लांबच्या माणसाला शिट्टी. चहा आला की दोन सुरांची शिट्टी, एक खाली, एक वर. ही सवय हरिभाऊंनी घरी आणली. बाईंनी चहा पुढे ठेवला की शिट्टी. "हे घर आहे, कारखाना नव्हे," असं बाई लग्न झाल्यापासून सांगत होत्या. हरिभाऊंना ते ऐकू येत नव्हतं, किंवा तसं ते म्हणत.

पोपटाचं ते काही करत नसत. त्याच्याविषयी एक ओळ त्यांनी वाचली नव्हती. त्याला ते चिमणी म्हणायचे. सकाळी पोह्यांची बशी घेऊन गॅलरीत पिंजऱ्यापाशी बसायचे, कारण तिथे ऊन यायचं. शिट्टी मारायचे, वाचस्पती तीच शिट्टी परत मारायचा, मग दोघं खाली माना घालून खायचे. बाईंना पक्का संशय होता की हे त्याला चोरून चकली देतात. त्यांनी एकदा हरिभाऊंचे खिसेही तपासले. बसचं तिकीट निघालं.

एका सोमवारी हरिभाऊ गुडघे घेऊन गणेशपुरीला गेले. धाकटा भाऊ तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसून बरा झाला होता, आता यांना बसवणार होता. बाईंना आनंदच झाला. आता घरात दोघंच. पक्ष्याला कोणाकडे तरी यावंच लागेल.

वाचस्पतीने त्या दिवशी खाल्लं नाही.

बाईंनी वाटीतलं राळ्याचं धान्य बदललं, पालक चिरला, उकडलेला मका ठेवला. प्रत्येक पदार्थाचे गुण त्याला समजावून सांगितले. वाचस्पती अंग फुगवून कोपऱ्यात बसला. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी वाटी तशीच. एवढासा जीव, उपाशी राहिला तर दोन दिवसही काढत नाही, हे त्यांनीच किती जणांना दरडावून सांगितलं होतं.

त्यांनी ठाण्याच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "दुपारी घेऊन या, बघतो. पण घरातलं कोणी बाहेरगावी गेलंय का?"

हा प्रश्न बाई स्वतः सगळ्यांना विचारायच्या. आज तो फार आगाऊ वाटला.

शेवटी त्यांनी हरिभाऊंना व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर टॉवेल गुंडाळलेले हरिभाऊ आले. बाई ओरडून सांगू लागल्या, हरिभाऊ कानाला हात लावू लागले. मग बाईंनी बोलणं थांबवलं. पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, हाताने घास केला, मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच त्यांचं बोलणं हरिभाऊंना पहिल्याच खेपेला कळलं. त्यांनी ओठांचा चंबू केला.

दोन सूर. एक खाली, एक वर.

वाचस्पतीचा तुरा ताडकन उभा राहिला. तो जाळीला येऊन लोंबकळला, बारीक आवाजात उत्तर दिलं, वाटीकडे एक पाऊल टाकलं. आणि गणेशपुरीचं नेटवर्क गेलं. पुन्हा फोन लागेना. मिनिटाभराने मेसेज आला: "एसटीने निघतो. तोवर तू वाजव."

तू वाजव! घरंदाज मुलीने शिट्टी वाजवायची नाही, हे आईने त्यांना चिमटा काढून शिकवलं होतं. पुढे वर्गात शिट्टी मारणाऱ्या मुलांना त्यांनी अंगठे धरून उभं केलं. त्यातला एक आज नगरसेवक होता आणि अजून त्यांना बघून रस्ता बदलायचा.

वाचस्पती पुन्हा कोपऱ्याकडे सरकू लागला.

बाईंनी पोहे केले. बशी घेतली, उन्हात हरिभाऊंच्या खुर्चीत बसल्या, गॅलरीचा पडदा सोडावा की नको असा विचार केला; सोडला तर ऊन गेलं असतं. ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. दुसऱ्यांदा पोह्याचा दाणा उडाला. "हे बघ, मी प्रयत्न करतेय," असं त्या म्हणायला गेल्या आणि पक्षी आणखी एक पाऊल मागे गेला. त्यांनी तोंड मिटलं. जीभ दाताला लावून बघितली, मागे ओढून बघितली. केव्हातरी एक सूर फुटला, चिरका, खालचा. मग वरचाही, त्याहून चिरका.

वाचस्पतीने मान वाकडी केली. त्याने ती शिट्टी नीट, सुरात वाजवून दाखवली. बाईंची शिट्टी दुरुस्त केली म्हणा ना. मग तो वाटीपाशी आला. बाईंनी पोह्यांचा घास घेतला, त्याने राळ्याचा दाणा उचलला. बाई थांबल्या, तोही थांबला आणि वाट बघू लागला. पुन्हा शिट्टी, पुन्हा दाणा.

खालच्या मजल्यावर साड्यांना फॉल-पिको करणारी वैशाली अंगणात येऊन ओरडली, "बाई! अहो बाई! कोणी मवाली शिट्ट्या मारतोय तुमच्या गॅलरीखाली! मी बघतेच त्याला! कसा हो आवाज, शी! बाई, आहात ना घरात?"

बाईंकडे उत्तर होतं. एक नव्हे, तीन होती. वाचस्पतीने चोचीतला दाणा तसाच धरून त्यांच्याकडे बघितलं.

"बाई, बोला की हो!"

सुमतीबाईंनी कठड्यावरून एक हात बाहेर काढला, वैशालीला तळवा दाखवला, थांब, आणि डोळे मिटून ओठांचा चंबू केला.