कोपरच्या कातळावरचं सूर्यचक्र

माझी फजिती ऐकायचीय? मग आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी डोंबिवलीत शाळामास्तर. संध्याकाळी प्रौढांचा साक्षरतावर्ग घ्यायचो. फळ्यावर रोज एकच वाक्य: ‘अंगठा सोडा, सही करा!’ कोपरचे शेतकरी धर्मादादा माझे सगळ्यांत म्हातारे विद्यार्थी. त्यांच्या खळ्याला लागून असलेल्या कातळावर मला गेरूच्या दोन पुसट रेघा दिसल्या. झालं! मला जिकडेतिकडे आदिमानव दिसायला लागला.

फिल्मऐवजी काचेवर फोटो घेणारा जुना कॅमेरा उसना आणला, फोटो काढला, मोरीत अंधार करून काच स्वतःच धुतली. आणि काय सांगू! काचेवर चक्र उमटलेलं! वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ, आणि मधून तिरपा बाण!

बायको म्हणाली, "अहो, पण दगडावर तर चक्रबिक्र काहीच नाही."

"डोळ्यांना दिसत नाही, तेच विज्ञान दाखवतं!"

वाचनालयात मॅजिक लँटर्न लावून माझं व्याख्यान ठेवलं. पडद्यावर चक्र हत्तीएवढं! अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. ते तर गहिवरलेच. "सूर्यपूजा! हजारो वर्षांपूर्वीची!" लगेच ठराव झाला: कातळाला कुंपण घाला, खळं बंद करा.

धर्मादादा उठले. "मंग मी भात कुठं झोडू?"

"संस्कृतीपुढे भाताचं काय घेऊन बसलात, दादा?" हे कोण म्हणालं? मीच! अजून लाज वाटते.

अध्यक्षांनी संमतीचा कागद आणि शाईची डबी पुढे केली. "उठवा अंगठा."

दादा डबीकडे न बघता थेट पडद्याजवळ गेले. डोळे बारीक करून म्हणाले, "मास्तर, यो त आंगठाच हाय! जलमभर कचेरीत उठवलाय, मला समजत नाय?"

"अहो, आणि तो बाण?"

"बाण कसला? फणस कापताना तुम्हाला विळी लागली, तिचा वण! पाटीवर माझा हात धरून शिकवता, तवा रोज बघतो."

मी अंगठा झटकन मुठीत लपवला. पण उपयोग काय? ओल्या काचेवर तो मीच टेकवला होता, आणि आता सभा माझ्या मुठीकडे बघत होती.

कुंपण बारगळलं. अध्यक्षांनी घाईघाईने नवा कागद लिहिला: खळं आहे तिथेच राहील. दादांनी पेन घेतलं आणि जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपत, आख्खं नाव लिहिलं. मग अध्यक्षांनी साक्षीदाराच्या सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं.

"त्यांना कशाला?" दादांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मास्तरांनी वर आंगठा उठवलाय की!"