सत्यशीलेची स्पॅनिश

भिकन मेंढरांमागं वाढलेला माणूस. शेंद्र्यापुढच्या ज्या माळावर त्याच्या आज्याची मेंढरं चरली, तिथं कंपन्यांचं कुंपण पडलं. त्यात दोन हजार बाराला पाऊसही फिरकला नाही. उरलीसुरली मेंढरं विकून, बायको कडूबाई आणि मुलगी सत्यशीला यांना घेऊन तो सिडकोतल्या एका इमारतीवर वॉचमन लागला. जिन्याखालची खोली राहायला मिळाली.

वरच्या मजल्यावर आमरीन मॅडमचा स्पॅनिशचा क्लास होता. नव्या कंपन्यांत परदेशी साहेब येणार, म्हणून पोरंपोरी शिकायला यायची. सत्यशीला अठराची, बारावी झालेली. क्लास झाडायला जायची ती फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून आणायची. पंधरा दिवसांनी मॅडमनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं.

टँकरच्या रांगेत ती बापाला शिकवायची. "आबा, पाण्याला आग्वा. मेंढीला ओबेखा."

"ओबेखा!" भिकन हसायचा. "मेंढराला हाळी दिल्यावानी वाटतंय."

"तिकडं टेबल बाई असतंय, पुस्तक बाप्या. पण एक लई भारी हाय, आबा. आपल्यात गडी बोलतो, बाई बोलते. तिकडं 'मी बोलतो' दोघांचं एकच. आब्लो."

हे तिला फारच आवडलं होतं. भांडी घासतानाही तिचं "आब्लो, आब्लास, आब्ला" चालू असायचं.

मॅडम एकदा मुद्दाम खाली आल्या. "भिकनभाऊ, हिचा कान फार तयार आहे. मेमध्ये परीक्षा. पास झाली की नोकरीसाठी मी स्वतः तिला कंपनीत घेऊन जाते."

"घेऊन जावा," भिकन म्हणाला. शब्दच दिला त्यानं.

मार्चमध्ये कडूबाईचा भाऊ नानासाहेब पैठणकडचं स्थळ घेऊन आला. घरची विहीर, देणंघेणं काही नाही. लग्न मात्र एप्रिलमध्येच. "जिन्याखाली तरणी पोरगी किती दिवस ठेवणार, दाजी? दिवसभर परकी माणसं वर-खाली करत्यात." हे भिकनच्या मनात रुतून बसलं.

"आबा, दोनच महिने थांबा," सत्यशीला म्हणाली.

"दोन महिन्यांनी हे स्थळ राहील व्हय?"

तिनं आईकडं पाहिलं. कडूबाईनं पदर तोंडाला लावला. लग्न झालं.

मेमध्ये वर परीक्षा झाली. हजेरी घेताना मॅडमनी सवयीनं "सत्यशीला" म्हटलं आणि थांबल्या. पायरीवर बसलेल्या भिकनला ते ऐकू आलं. तो उठून गेटाबाहेर गेला.

सणासुदीला ती माहेरी आली नाही. जाऊन भेटायची त्याची हिंमत होईना. दोन वर्षांनी त्यानं मॅडमना विचारलं, "मला माफ कर, पोरी. हे त्यांच्यात कसं म्हणत्यात?"

मॅडमनी सांगितलं, "पेर्दोनामे, इखा."

पैठणच्या एसटीत तो ते दोन शब्द घोकत गेला.

पुन्हा दुष्काळ होता. सासरची विहीर आटली होती. सत्यशीला कडेवर पोर आणि डोक्यावर हंडा घेऊन आली. पाया पडली, चहा ठेवला. सासू आत गेल्यावर भिकन हळूच म्हणाला, "पेर्दोनामे, इखा."

तिचा हात थांबला. डोळे भरून आले. मग तिनं चहा गाळला.

"काय म्हणता, आबा? मला नाय कळलं."

"तूच शिकवायचीस ना ही भाषा, बाय..."

"विसरले मी. इथं नका बोलू असलं काही. सासूबाईंना भलतंच वाटंल."

वेशीपर्यंत ती पोहोचवायला आली नाही. तिला कळलं होतं, हे भिकनला ठाऊक होतं. माफी मात्र तिच्यानं देववली नव्हती.

महिनाभरात त्यानं ती इमारत सोडली आणि बजाजनगरात दुसरीकडं लागला. जाताना मॅडमनी कारण विचारलं.

"वरून शिकवल्याचा आवाज येतो," भिकन म्हणाला.