सोमवार-गुरुवारची पेशंट

हलीमाबीला शिरेतून ग्लुकोज देत होतो आणि डोळे होते तिच्या सुनेवर. तीन आठवड्यांत म्हातारी तिसऱ्यांदा बेशुद्ध होऊन माझ्या निपाणीच्या दवाखान्यात आली होती.

मधुमेहाची गोळी रक्तातली साखर खाली आणते. गोळीवर पोटात अन्न गेलं नाही, तर साखर नको तितकी उतरते. घाम, थरथर, मग बेशुद्धी. वेळेत ग्लुकोज मिळालं नाही तर माणूस जातो.

म्हणजे म्हातारी उपाशी होती. आणि सून शकीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाताना तिला वाढून जायची.

"खरं सांग, तू हिला जेवायला देतेस का?"

"वाढून गेलतो, डॉक्टर. संध्याकाळी ताट रिकामं असतंय."

"मग ही उपाशी कशी? पोलिसांत कळवीन."

शकीला खाली बघत राहिली. माझी खात्रीच पटली. चोराच्या मनात चांदणं!

हलीमाबीनं डोळे उघडले. "मशिदीत सांजची बांग झाली काय?" तिनं विचारलं. मी तिकडे लक्षच दिलं नाही. पोलिसांसाठी तारखा हव्यात म्हणून केसपेपर काढले. सोमवार, गुरुवार, आज पुन्हा सोमवार.

कंपाउंडर सदाप्पा पुटपुटला, "सर, तुमच्या आईंचे उपास बी याच वारांना न्हवं?"

मग कुठे मी पेशंटला विचारलं.

"रोजा हाय," म्हातारी म्हणाली. "सहा बाळंतपणांतले रोजे ऱ्हायल्यात. सोमवार-गुरुवार धरतो, रोज्याला ते चांगले वार. मरायच्या आधी पुरे करायचे. म्हणून पहाटं खाऊन गोळी घेतो. दुपारचं जेवण शेजारच्या आंधळ्या म्हातारीला देतो. सुनेला कळलं असतं तर करू दिलं नसतं."

मी मौलानांना बोलावून घेतलं. ते हलीमाबीला म्हणाले, "ज्याला आजारानं रोजा झेपत न्हाय आणि पुढंबी झेपणार न्हाय, त्यानं एका रोज्यामागं एका गरिबाला जेवू घालायचं. आंधळीला आता मनात तशी नियत धरून जेवण द्या. पण आधी तुमी जेवा."

हलीमाबी रडली, मग जेवायला कबूल झाली. ती पुन्हा कधी बेशुद्ध झाली नाही.

राहिलो मी. शरमेनं मान वर होईना. शकीलाला म्हटलं, "चुकलो."

"आत्तीची भरपाई ठरली," ती सासूकडे बघत म्हणाली. "तुमालाबी कुणाला तरी जेवू घालावं लागंल, डॉक्टर."

"कुणाला?"

"मला. सांगावा आला तशी डबा न उघडताच पळत आलतो."

सदाप्पाला हॉटेलात पिटाळलं. तेव्हापासून बेशुद्ध पेशंट शुद्धीवर आला की पहिला प्रश्न त्यालाच विचारतो, आणि दुसरा, त्याला घेऊन आलेला माणूस जेवला का.