पाच वर्षांची लिसेन्सियातुरा

पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रा या विद्यापीठाच्या गावी, खालच्या बाजारात, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत हर्मिनियो फाल्काटो लोकांच्या पदव्यांची इंग्रजी भाषांतरं करायचा. स्वतः शिकला चौथीपर्यंत. नोटरीच्या कचेरीत तीस वर्षं टाइपरायटर बडवला, रेडिओ ऐकऐकून इंग्रजी शिकला आणि निवृत्त झाल्यावर हा उद्योग मांडला. खाली शेजारीच कॉफीचं दुकान चालवणाऱ्या इदालिनाला त्याला डिवचल्याशिवाय चैन पडत नसे.

"या दोतोर, बसा!"

"दोतोर कसला बाई? चौथीत दोनदा बसलोय मी."

"या गावात पदवीचा एक कागद मिळाला की माणूस दोतोर होतो. तुमच्या कपाटात तर अख्ख्या गावाचे कागद!"

आणि त्या कागदांची त्याला जाण किती म्हणाल! बाशारेलातु तीन वर्षांची, मेश्त्रादु म्हणजे मास्टर, ती आधीच्या पदवीनंतरची, दोतोरामेंतु सगळ्यात वरची, हे कुणीही सांगेल. पण लिसेन्सियातुरा? आता ती बहुतेक तीन वर्षांत होते. युरोपभर नवा नियम लागू झाला त्याआधी चार नाहीतर पाच वर्षं घासावी लागत. वर्ष आणि विषय सांगा, हा झोपेतून उठून बरोबर सांगेल.

एका सोमवारी ग्रासिएते किंतेला धापा टाकत जिना चढून आली. ती रसायनशास्त्रातली. चिनीमातीच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची, तो कारखाना बंद पडला. आयर्लंडमध्ये पाणी तपासायची नोकरी दिसली, पण अट 'मास्टर'ची. आतेभावानं तिच्या पदवीपुढे 'बॅचलर' लिहून पाठवलं आणि अर्ज परत आला. पुढच्या शुक्रवारपर्यंत नवे कागद पोचले तर बघू, असं तिथले लोक म्हणाले.

"सेन्योर हर्मिनियो, एकच शब्द बदला हो. मास्टर लिहा."

"तुमच्या कागदावर मेश्त्रादु आहे का?"

"नाही. पण पाच वर्षं शिकले ना! शेवटच्या परीक्षेनंतर मैत्रिणींनी रीतीप्रमाणे माझे कपडे टराटरा फाडले, ते पाचव्या वर्षी! अंगाला नुसता विद्यार्थ्यांचा काळा झगा गुंडाळून घरी गेले मी. तिसऱ्या वर्षी कोण फाडतंय?"

म्हातारा खो खो हसला, मग गंभीर झाला. "दोना ग्रासिएते, भाषांतराखाली मी नोटरीसमोर शपथ घेतो. नसलेलं लिहिणार नाही. पण असलेलं सोडणारही नाही. बॅचलर लिहिणाऱ्यानं तुमची दोन वर्षं खाल्ली."

"मग काय लिहिणार?"

"लिसेन्सियातुरा. जशीच्या तशी. आणि तिच्यात काय काय भरलंय ते सगळं."

ग्रासिएतेचं तोंड पडलं. एवढ्यावर नोकरी मिळेल असं तिला वाटेना. पण दुसरं कोण होतं?

प्रत्येक विषयाचा जुना अभ्यासक्रम विद्यापीठाकडून शिक्का मारून घ्यायचा, तर एरवी महिना जातो. हर्मिनियो रोज सकाळी पायऱ्या चढून वर विद्यापीठात जाई आणि दफ्तरखान्यासमोरच्या बाकावर मक्याच्या पावाचा तुकडा चघळत बसून राही. तिसऱ्या दिवशी तिथली कारकून कंटाळून म्हणाली, "आजोबा, तुमचं काम केलं की घरी जाल ना?" शहाऐंशी पानं मिळाली. तास, प्रयोग, शेवटच्या वर्षाचा प्रबंध, एकूण एक. पुढचे सहा दिवस टाइपरायटर थांबला नाही. इदालिना सूप वर पाठवी ते तसंच गार होई. गुरुवारी नोटरीचा शिक्का पडला आणि त्याच दुपारी गठ्ठा खासगी कुरियरनं गेला.

दोन आठवड्यांनी हर्मिनियोला आयर्लंडहून एका बाईंचा फोन आला. "पाच वर्षं आणि वर प्रबंध. मग तुम्ही सरळ मास्टर का नाही लिहिलं?"

"कारण तिच्या कागदावर ते नाही. आत काय आहे ते सांगणं माझं काम, त्याची किंमत ठरवणं तुमचं."

मग बाई म्हणाल्या, "आधीच्या अर्जापेक्षा हा फार बरा आहे." आणि फोन ठेवला. याचा अर्थ काय लावायचा? चार रात्री ग्रासिएतेच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

पाचव्या दिवशी पत्र आलं. ते घेऊन ती थेट कॉफीच्या दुकानात, हर्मिनियो बसला होता तिथे शिरली. नेमणूक झाली होती! 'शिक्षण' या रकान्यात त्यांनी पोर्तुगीज शब्दच ठेवला होता, लिसेन्सियातुरा, पाच वर्षे, आणि पुढे लिहिलं होतं, या पदासाठी पुरेसं. हर्मिनियोनं पत्र हातात घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि इदालिनापुढे धरलं.

"तो आपला शब्द तूच वाच बाई मोठ्यानं. मला नीट दिसेना."