फळ्यावरचे शब्द आणि शिवाप्पांची मूठ

आडत दुकानातले किस्से भुशासारखे असतात. रोज झाडा, कोपऱ्यात ढीग राहतोच. आमच्या लातूरच्या दुकानात ते साचले भावाच्या फळ्यापायी.

मी सातवी शिकलेला. इंग्रजी शिकलो ते डिक्शनरीतून, गिऱ्हाईक नसताना. 'ग्रीडी' म्हणजे हावरट, एवढंच ठाऊक होतं. पुढं बघतो तर इंग्रजीत हावरटांची अख्खी भावकीच! मग तूर-सोयाबीनच्या भावाखाली मी एकेक शब्द लिहायला लागलो. दुपारी सौदे आटोपले की आम्ही चौघं चहाला जमायचो. शब्द ज्याला शोभेल, त्याच्या नावावर. त्यानं सवय सोडली तरच मी पुसणार. नियम म्हणजे नियम!

माझ्या नावावर एकही शब्द नव्हता. खडू माझ्याकडं होता ना!

*

'ग्लटन', म्हणजे खादाड, गेला देवणीच्या माधवरावांना. नांदेडच्या एका लग्नात त्यांनी सव्वीस जिलब्या खाल्ल्या. "माझा काय दोष? तो फेटेवाला वाढपी पुढून हालंचना. 'घ्या मालक, घ्या मालक' करून राहिला!"

पुढं लग्नाचा व्हिडिओ आला. पंगतीत माधवराव समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून हसतायत. "बस, बस" म्हणत ताटावर हात आडवा धरतायत. ताटातल्या जिलब्या वाढतायत. वाढपी कुठंच नाही!

माधवरावांनी गोड सोडलं. मी शब्द पुसला.

*

'होर्डर', म्हणजे दाबून ठेवणारा, औशाचे रफिकभाई. दोन वर्षं तूर गोदामात. "सेठ, भाव तो आने दो!" गोदामातून दिवसभर कुरकुर ऐकू यायची. भाई म्हणायचे, उंदीर.

भाव आला. हमालानं कंबर वाकवून पोतं धरलं आणि ते एका बोटावर वर आलं! आत नुसती टरफलं. शिलाई शाबूत, पोत्याला भोक नाही, गोदामात एक भुंगा नाही.

"खाल्लं तरी कुणी, भाई?"

"मेरी लालच ने, और कौन!"

आता भाई आलेला माल आठवड्यात विकतात. तोही शब्द पुसला.

*

'ग्रॅस्पिंग', म्हणजे मूठ आवळून बसणारा. हा चाकूरच्या शिवाप्पांचा.

सौद्याआधी व्यापारी ढिगातला मूठभर माल बघतो, दोन दाणे चावतो, बाकीचा परत टाकतो. शिवाप्पा टाकत नसत. उजव्या हातात मोबाईल, डाव्या मुठीत माल, मूठ थेट खिशात. जेवढे ढीग तेवढ्या मुठी!

"अप्पा, शेतकऱ्याचा माल हाय तो!"

"मूठभरानं काय भिकेला लागतो का त्यो?"

एक दिवस ढिगाजवळच खाली बसले. पक्षाघात. वाचा परत आली, पण डावी मूठ उघडंना. डॉक्टर झाले, मालिश झाली. मूठ तशीच.

काही महिन्यांनी काठी टेकत दुकानात आले. चहा घेतला नाही. "आम्हा लिंगायतांना बसवून माती देतात. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. माझी मूठ अशीच राहिली तर लिंग कुठं ठेवतील रे? तेवढा शब्द पुस."

मी हसलो. "मूठ खिशात घालायची सवय सोडा अप्पा, लगेच पुसतो."

"आता कोणत्या हातानं सोडू?"

मी पुसला नाही.

*

परवा भरदुपारी त्यांच्या थोरल्याचा चाकूरहून फोन आला. "काका, अप्पा लिंगैक्य झाले. विधीसाठी जंगम महाराज खोळंबलेत. मूठ उघडंना. आम्ही तिघांनी जोर लावला. न्हाईच."

फोन कानाला तसाच धरून मी उठलो. ओल्या फडक्यानं 'ग्रॅस्पिंग' पुसला.

"काका! उघडली!"

"मग लिंग ठेवा ना."

"ठेवतो. पण आत तूर हाय, काका."

मी फडकं खाली ठेवलं.

"मोड आलेली."