आत्याला नवरदेव सापडत नाही

स्कोविया नाकिजोबा संसदेत बोलायला उभी राहिली की लवकर खाली बसत नाही, आणि गावात आली की लवकर उभी राहत नाही. ओट्यावर म्हातारं माणूस दिसलं की ही गाडीतून उतरून थेट गुडघे टेकते. खाली चिखल असो, अंगात नवा रेशमी गोमेसी झगा असो, तिला काही फरक पडत नाही. "खासदारबाई, उठा आता," असं लोक म्हणतात. "खासदार कंपालात. इथं मी मुगालुलाची बहीण," असं म्हणून ती गाईगुरांपर्यंत सगळ्यांची विचारपूस करते आणि मगच उठते.

मसाकाच्या कोर्टात तिने सगळी वकिली पोरांसाठी केली. साक्ष द्यायला घाबरलेलं पोर दिसलं की ती बूट काढून जमिनीवर त्याच्या शेजारी बसायची आणि न्यायाधीशांचा पारा चढायचा. मतदारांची तक्रारही ठरलेली.

"बाई, आम्ही छपराला पत्रे मागतो आणि तुम्ही पोरांचं बोलता. पोरांना मत असतं का?"

"नसतं, म्हणून तर!"

अशा बाईला लोक दोनदा कसे निवडून देतात, हे विरोधकांना अजून उमगलेलं नाही. गावाला विचाराल तर तिच्या गुडघ्यांमुळे.

या बाईचं एकच दुखरं ठिकाण होतं, ते म्हणजे थोरला भाऊ. बाप गेल्यावर मुगालुलाने स्वतःची शाळा सोडली, कॉफीच्या झाडांत राबला आणि बहिणीला शिकवलं. मिशनची शाळा लांब होती. तो तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून न्यायचा आणि ती मागे बसून धडे पाठ करायची. त्या माणसाला तिने जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.

आणि एक दिवस त्याच माणसाचा फोन आला.

"स्कोविया, शनिवारी माझ्या तेओला मागणी घालायला पाहुणे येताहेत."

"दादा, तेओ सोळा वर्षांची आहे!"

"हे बघ, वकीलबाई म्हणून येणार असशील तर येऊच नकोस. आत्या म्हणून ये. नवरदेवाला ओळखायला आत्याच लागते."

रीत तशीच होती. पाहुण्यांच्या मांडवात शिरून त्यांच्यातला नवरदेव हुडकायचा आणि हाताला धरून मुलीच्या बापापुढे उभा करायचा, हा मान आत्याचा. तिने हात धरेपर्यंत आलेला माणूस नुसता पाहुणा. शिवाय मुगालुला काही भोळा नव्हता. खासदारबाई स्वतः मांडवात दिसल्या की कायद्याचं नाव काढायची कोणाची छाती होणार होती?

स्कोविया शनिवारी भल्या सकाळीच पोचली. तिने भावाला समजावलं, हात जोडले. पोलिसांना नुसता एक फोन पुरला असता, पण तिनेच भांडून पक्क्या केलेल्या कायद्याने तिचाच दादा गजाआड गेला असता. तिचा हात फोनकडे वळेना.

"लोकांच्या पोरी वाचवल्यास तेवढ्या पुरे," मुगालुला म्हणाला. "कॉफीचा व्यापारी आहे, स्वतःचा ट्रक आहे, दारू शिवत नाही. माझी पोर सुखात पडतेय तर पडू दे ना!"

आतल्या खोलीत तेओ नटून बसली होती. खांद्यांवर गोमेसीची टोकं, कमरेला चमचमता पट्टा, आणि या सगळ्यात हरवलेलं ते एवढंसं पोर.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "सोमवारी रसायनशास्त्राचा पेपर आहे. ते मला बसू देतील का गं?"

स्कोवियाने तिच्या पट्ट्याची गाठ सारखी केली. आणि ती बाहेर आली.

मांडवात पांढऱ्या पायघोळ कांझूतले पाहुणे रांगांनी बसले होते. त्यांचा बोलका माणूस, ज्याला वऱ्हाडाच्या वतीने बोलायलाच आणतात, मोठ्याने ओरडला, "या आत्याबाई! ओळखा आमचा मुलगा!"

ती रांगेतून फिरली. दुसऱ्या रांगेत व्यापारी घाम पुसत हसत होता.

"इथं नवरदेव नाही," स्कोविया म्हणाली.

हशा उसळला, कारण आत्याने आढेवेढे घ्यायचेच असतात.

"आत्याबाईंना चष्मा द्या रे!"

"अहो, खासदार आहेत त्या! छोट्या नोटा दिसत नाहीत त्यांना!"

तिच्या पुढ्यात नोटा पडल्या, ढोलकी वाजली. ती पुन्हा फिरली आणि पुन्हा तेच म्हणाली. त्यावर आणखी मोठा हशा झाला. मग ती व्यापाऱ्यापुढे थांबली.

"तुम्ही भले गृहस्थ दिसता. पण तेओचा नवरदेव या मांडवात नाही. ती शाळा संपवेल, मोठी होईल, आणि तिच्या मनात आलं तर तो तेव्हा येईल."

ढोलकी थांबली. ही थट्टा नाही, हे आता शेवटच्या रांगेलाही कळलं. स्कोविया मांडव ओलांडून भावापाशी गेली आणि धुळीत गुडघे टेकून बसली.

"दादा, तू आत्या म्हणून बोलावलंस. आत्याने शोधलं. नाही सापडला."

"दुसरी आत्या आणा!" बोलका माणूस उसळला. "चुलत आणा, मावस आणा, कोणीही चालेल!"

त्याचंही चुकत नव्हतं. बायकांच्या चटईवर दोन चुलत आत्या बसलेल्याच होत्या आणि त्यातली एक तर उठायच्या बेतात होती. मुगालुलाने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. स्कोविया खाली बघत होती. तेओ हातची जाईल आणि दादाही जाईल, एवढंच तिच्या मनात होतं.

मुगालुलाने त्या टेकलेल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"मला बहीण एकच आहे," तो म्हणाला, आणि उठून घरात गेला.

पाहुण्यांनी भेटीच्या टोपल्या परत ट्रकात चढवल्या. मुगालुला त्या दिवशी बहिणीशी बोलला नाही आणि रविवारीही बोलला नाही.

सोमवारी सकाळी स्कोविया कंपालाला निघाली. मिशनच्या वळणाआधी रस्त्यात पुढे एक जुनी सायकल दिसली. मुगालुला चढावर धापा टाकत पायडल मारत होता. मागे कॅरियरवर शाळेच्या गणवेशातली तेओ मांडीवर पुस्तक उघडून बसली होती.

ड्रायव्हरने हॉर्नवर हात नेला.

"नको," स्कोविया डोळे पुसत म्हणाली. "मागेच राहू दे गाडी. त्यांच्या अंगावर धूळ उडेल."